रुबेलाची लस नेमकी कोणासाठी?

बाळाच्या लसीकरण कार्डावर ‘एमआर’, म्हणजे गोवर-रुबेला, असं लिहिलेलं असतं. त्यातला गोवर सगळ्यांच्या ओळखीचा. गोवर निघालेलं पोर तापाने कसं फणफणतं, डोळे कसे लाल होतात, हे घरातली आजी लगेच सांगते. रुबेलाबद्दल विचारलं तर आजीलाही काही आठवत नाही आणि आईवडिलांनाही. लस येण्याआधी हा आजार घरोघरी होऊन जात होता, तरी तो कुणाच्या लक्षात राहिला नाही. कारण रुबेला झालेलं मूल फारसं आजारी दिसतच नाही. थोडी कणकण, अंगावर बारीक पुरळ, तीन दिवसांत सगळं साफ. घरचे म्हणतात, अंगातली उष्णता बाहेर पडली.

मग इतक्या किरकोळ आजारासाठी 2017 पासून देशभर 9 महिने ते 15 वर्षं वयाच्या सुमारे 41 कोटी मुलांना लस टोचण्याची मोहीम का हाती घेतली? नववीतल्या मुलांच्याही शाळेत जाऊन सुया का टोचल्या? हा प्रश्न पालकांनी तेव्हा विचारला आणि तो रास्त होता. त्याचं उत्तर मात्र फार थोड्या ठिकाणी नीट सांगितलं गेलं. रुबेलाची लस ज्या मुलाच्या दंडात जाते, त्याच्यापुरता तिचा फायदा तसा बेताचाच आहे. तिचा खरा उपयोग अजून आईच्या पोटातही न आलेल्या बाळाला होतो. एवढी एक गोष्ट समजली की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

आजार दिसतो कसा

रुबेलाचा विषाणू हवेतून पसरतो. ज्याला लागण झाली आहे त्याच्या खोकण्या-शिंकण्यातून उडालेले थेंब दुसऱ्याच्या नाका-घशात जातात आणि तिथून तो आत शिरतो. नंतर साधारण दोन आठवडे काहीच होत नाही. क्वचित 12 दिवसांतच लक्षणं दिसतात, क्वचित 23 दिवसही लागतात. त्यामुळे ‘कुठून आलं हे?’ असा विचार करताना कालपरवाचं आठवून उपयोग नसतो. पंधरा-वीस दिवसांपूर्वी कुठल्या लग्नाला गेलो होतो, ते आठवावं लागतं.

लहान मुलांत बहुतेक वेळा पहिली खूण म्हणजे पुरळच. ते चेहऱ्यावर उठतं आणि एका दिवसात गळा, छाती, पाठ, हातपाय असं खाली उतरतं. रंग गुलाबी, ठिपके बारीक. खाली उतरेपर्यंत चेहऱ्यावरचं फिकटही व्हायला लागतं. साधारण तीन दिवसांत ते जातं. ताप असतो, पण हलका. मोठ्या मुलांना आणि मोठ्या माणसांना पुरळ येण्याआधी एक ते पाच दिवस थोडं डोकं दुखणं, नाक वाहणं, डोळे चुरचुरणं, अंग मोडून आल्यासारखं वाटणं असं होतं.

एक खूण मात्र रुबेलाची म्हणून ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कानांच्या मागे आणि मानेच्या मागच्या बाजूला, जिथे केस संपतात तिथे, गाठी येतात आणि दाबल्यावर दुखतात. पुरळ उठण्याच्या आधीपासून त्या असू शकतात आणि पुरळ गेल्यावरही काही आठवडे राहतात.

मोठ्या बायकांमध्ये सांधे धरतात. बोटं, मनगटं, गुडघे दुखतात, सुजतात, सकाळी मूठ वळत नाही. रुबेला झालेल्या प्रौढ स्त्रियांपैकी 70 टक्क्यांपर्यंत स्त्रियांना हा त्रास होऊ शकतो आणि तो कधीकधी महिनाभर चालतो. आपल्याकडे चिकुनगुनिया माहीत झाल्यापासून सांधेदुखी आणि पुरळ एकत्र दिसलं की सगळ्यांचं बोट तिकडेच जातं, रुबेला कुणाच्या मनातही येत नाही. मेंदूला सूज येणं किंवा रक्तातल्या प्लेटलेट एकदम घसरणं हे दुर्मीळ. मेंदूची सूज सुमारे 6,000 रुग्णांत एखाद्याला, प्लेटलेटचा त्रास सुमारे 3,000 रुग्णांत एखाद्याला.

यात सगळ्यात अडचणीची बाब अशी की लागण झालेल्यांपैकी पाव ते निम्म्या लोकांना काहीच होत नाही. ना पुरळ, ना ताप. तरी ते आजार पसरवत असतात. ज्यांना पुरळ येतं, तेही ते उठण्याच्या आठवडाभर आधीपासून नंतर आठवडाभर संसर्ग देऊ शकतात. म्हणजे आजार ओळखून रुग्णाला बाजूला ठेवायचं म्हटलं, तर तोवर उशीर झालेला असतो. रुबेला फक्त ‘रुग्णापासून लांब राहून’ का टाळता येत नाही, ते यातून कळेल.

नुसतं पुरळ पाहून हा रुबेलाच आहे असं अनुभवी डॉक्टरही छातीठोक सांगू शकत नाहीत. गोवरात ताप जास्त असतो, खोकला आणि लाल डोळे ठळक असतात, पुरळ गडद असतं, मूल मलूल होतं. कांजण्यांत पाण्याने भरलेले फोड येतात, त्यामुळे त्या वेगळ्या कळतात. पण सौम्य गोवर, डेंग्यू, इतर कितीतरी विषाणू आणि औषधाची ॲलर्जी यांचं पुरळ रुबेलासारखं दिसतं. म्हणून ताप आणि पुरळ असलेल्या मुलाची माहिती सरकारी यंत्रणेला कळवायची आणि रक्ताचा नमुना तपासायचा, अशी पद्धत आहे. आशाताई किंवा आरोग्यसेविका ‘पुरळ आलेलं कुणी आहे का’ म्हणून विचारत आल्या, तर त्यांना खरं ते सांगा. त्या एका नमुन्यावरून गावात रुबेला फिरतो आहे का, ते कळतं.

उपचार म्हणाल तर खास औषध नाही. तापासाठी पॅरासिटॅमॉल, पाणी, आराम, आणि पुरळ उठल्यापासून सात दिवस शाळेला सुट्टी. लहान मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

सिडनीचा डोळ्यांचा डॉक्टर

1941 पर्यंत सगळं वैद्यकीय जग रुबेलाला किरकोळच समजत होतं. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात सिडनीमध्ये नॉर्मन मॅकॲलिस्टर ग्रेग नावाच्या नेत्रतज्ज्ञाकडे एकामागून एक तान्ही बाळं येऊ लागली. सगळ्यांच्या डोळ्यांत जन्मतःच मोतीबिंदू. असं एखादं बाळ वर्षाकाठी दिसणं वेगळं आणि अशी रांग लागणं वेगळं. बाहेर बसलेल्या आया आपसात बोलत होत्या की पोटुशी असताना आपल्याला रुबेला झाला होता, आणि ते ग्रेग यांच्या कानावर पडलं, असं सांगितलं जातं. त्याच्या आदल्या वर्षी, 1940 मध्ये, युद्धाच्या धामधुमीत ऑस्ट्रेलियात रुबेलाची मोठी साथ येऊन गेली होती. ग्रेग यांनी इतर डॉक्टरांकडूनही माहिती गोळा केली. एकूण 78 बाळं. त्यातल्या 68 जणांच्या आयांना गरोदरपणात रुबेला होऊन गेला होता, बहुतेकींना अगदी सुरुवातीच्या महिन्यांत. कित्येक बाळांच्या हृदयातही दोष होता. बहिरेपणा पुढे लक्षात आला.

सुरुवातीला यावर सहज विश्वास बसला नाही. बाहेरचा संसर्ग आईमार्फत गर्भात जाऊन अवयव बिघडवतो, ही कल्पनाच नवी होती. नंतर ऑलिव्हर लँकेस्टर या संख्याशास्त्रज्ञाने जुन्या जनगणनेच्या नोंदी चाळल्या, तेव्हा बहिऱ्या माणसांची जन्मवर्षं काही ठरावीक वर्षांभोवती गोळा झालेली दिसली. ती रुबेलाच्या साथींची वर्षं होती. किती तरी कुटुंबांनी तो बहिरेपणा नशिबाचा भाग म्हणून स्वीकारला होता. आपल्याकडेही ‘ग्रहणात काहीतरी चिरलं असेल’ म्हणून किती आयांनी आयुष्यभर स्वतःला दोष दिला असेल, ते मोजणार कोण? हा विषय मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी.

आत नेमकं काय होतं? आईच्या रक्तातून विषाणू वारेपर्यंत पोहोचतो आणि वार ओलांडून गर्भात शिरतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे डोळे, कानाचा आतला भाग, हृदय, मेंदू यांची घडण चाललेली असते. विषाणू त्या पेशींमध्ये ठाण मांडतो, त्यांची वाढ मंदावतो, बारीक रक्तवाहिन्या बिघडवतो. गर्भाला स्वतःची अशी पुरेशी प्रतिकारशक्ती नसते, त्यामुळे आईच्या शरीरातून आठवडाभरात निघून जाणारा हा पाहुणा बाळाच्या शरीरात महिनोन् महिने मुक्काम करतो.

कितव्या आठवड्यात लागण झाली, यावर सगळं अवलंबून आहे. पहिल्या 12 आठवड्यांत झाली तर बाळावर परिणाम होण्याची शक्यता 90 टक्क्यांपर्यंत जाते. त्यानंतर ती उतरत जाते. चौथ्या महिन्याच्या आसपास झालेल्या लागणीत मुख्यतः ऐकण्यावर परिणाम होतो आणि 20 आठवड्यांनंतर जन्मजात दोष क्वचितच दिसतात. इथे एक क्रूर योगायोग आहे. धोका सर्वांत जास्त असतो तेव्हा कित्येक स्त्रियांना दिवस राहिल्याचं अजून कळलेलंही नसतं. गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटातच दगावू शकतं. वाचलं तर त्याला मोतीबिंदू, बहिरेपणा आणि हृदयाचे दोष यांपैकी एक किंवा सगळं असू शकतं. डोकं लहान राहणं, कावीळ, यकृत-प्लीहा वाढणं, बौद्धिक वाढ मागे पडणं हेही. याला जन्मजात रुबेला म्हणतात.

काही परिणाम उशिरा उघड होतात. बाळ दिसायला धडधाकट असतं आणि दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही म्हणून तपासणी होते, तेव्हा कळतं की त्याला ऐकूच येत नव्हतं. पुढे मोठेपणी मधुमेह आणि थायरॉइडचे विकार अशा मुलांमध्ये इतरांपेक्षा जास्त दिसतात. आणि अशी बाळं वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ, लाळेतून आणि लघवीतून विषाणू बाहेर टाकत राहतात. त्यांना सांभाळणाऱ्या गरोदर बायकांनी आपल्याला प्रतिकारशक्ती आहे ना, याची खात्री करून घ्यायला हवी.

लस किती भरवशाची

1962 मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी रुबेलाचा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा केला. लगोलग 1964-65 मध्ये तिथे प्रचंड साथ आली. सुमारे सव्वा कोटी लोकांना रुबेला झाला आणि अंदाजे 20,000 बाळं जन्मजात रुबेला घेऊन आली. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी त्याच साथीतल्या विषाणूपासून लस तयार केली. विषाणूला शरीराच्या तापमानापेक्षा थंड, 30 अंश सेल्सियसमध्ये, पुन्हा पुन्हा वाढवलं. थंडीत वाढायची सवय लागलेला विषाणू माणसाच्या शरीरात दुबळा पडतो, आजार देऊ शकत नाही, पण शरीराला त्याची ओळख पटते. या वाणाचं नाव ‘आरए 27/3’. आज जगातल्या बहुतेक देशांत हाच वाण वापरला जातो. भारताच्या मोहिमेतली लसही त्याचीच, आणि ती मुख्यतः पुण्याजवळ हडपसरला सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली.

आता मुद्द्याचा प्रश्न, ती काम करते का? करते, आणि फार चांगलं करते. एका डोसनंतर 100 पैकी 95 ते 97 जणांना रुबेलापासून संरक्षण मिळतं. आपण वापरत असलेल्या लसींमध्ये एका डोसवर इतकं काम करणाऱ्या लसी थोड्याच आहेत. साधारण दोन-तीन आठवड्यांत प्रतिकारशक्ती तयार होते आणि ती दीर्घकाळ, बहुधा जन्मभर टिकते. 15 वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर तपासलेल्या लोकांमध्येही 90 टक्क्यांहून जास्त जणांत ती शिल्लक होती. लस घेतलेल्या व्यक्तीला पुढे पुन्हा लागण झालीच, तर ती बहुधा लक्षणांशिवाय जाते आणि तिच्यातून बाळाला इजा होणं अत्यंत दुर्मीळ आहे.

मग दोन डोस कशाला? त्याचं कारण मुख्यतः गोवर. गोवराच्या लसीचा एक डोस 100 पैकी सुमारे 93 जणांना वाचवतो आणि गोवर रुबेलापेक्षा कितीतरी जास्त वेगाने पसरतो, म्हणून दुसरा डोस लागतोच. दोन्ही लसी एकाच कुपीत असल्याने रुबेलाचाही दुसरा डोस मिळतो आणि पहिल्या वेळी निसटलेले थोडे जणही त्यात सुरक्षित होतात. सरकारी वेळापत्रकात पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान असतो. उजव्या दंडावर, मोफत. चुकलाच तर पाच वर्षांपर्यंत देता येतो. 9 महिन्यांआधी न देण्याचं कारण असं की आईकडून आलेली प्रतिकारशक्ती तोवर बाळाच्या अंगात असते आणि ती लसीतल्या विषाणूलाच निकामी करून टाकते. खासगी बालरोगतज्ज्ञांकडे हीच लस गालगुंडाच्या लसीसह ‘एमएमआर’ नावाने मिळते.

या लसीची एक नाजूक बाजू आहे. ती कोरड्या भुकटीच्या रूपात येते आणि ऐनवेळी द्रावणात कालवली जाते. कालवल्यानंतर चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. ऊन आणि उष्णता तिला चालत नाही. म्हणून नर्सताई कुपीवर वेळ लिहितात. ती वेळ पाहायला मागण्यात काही गैर नाही, त्या आनंदाने दाखवतात. टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, असं त्या सांगतात, तेही ऐका. तीव्र ॲलर्जी लाखोंत एखाद्याला होते, पण झाली तर तिच्यावरचं औषध तिथे हाताशी असतं.

बाकी त्रास साधे आहेत. टोचलेल्या जागी दुखणं, आठवडाभराने थोडा ताप, कधी हलकं पुरळ. मोठ्या बायकांपैकी काहींचे सांधे काही दिवस दुखतात. ‘लसीने मुलं पुढे वांझ होतात’ ही अफवा महाराष्ट्रात मोहिमेच्या वेळी मोबाइलवरून फिरली होती. तिला कसलाही आधार नाही. लसीमुळे ऑटिझम होतो, असा दावा करणारा ब्रिटनमधला 1998 चा लेख त्याच नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला, आणि त्यानंतर लाखो मुलांवर झालेल्या अभ्यासांत असा संबंध आढळला नाही. उलट गर्भात झालेला रुबेला हेच ऑटिझमचं एक ज्ञात कारण आहे. लस टाळण्यासाठी दिलं जाणारं कारण खरं तर लस घेण्याचं कारण आहे, हे मी ठासून सांगेन.

मुलग्यांना का, आणि सगळ्यांनाच का

धोका गरोदर बाईला असेल तर फक्त मुलींना लस द्यावी, असं कुणालाही वाटेल. ब्रिटनने आणि जपानने सुरुवातीला तेच केलं. जपानमध्ये 1977 पासून माध्यमिक शाळेतल्या मुलींना लस मिळू लागली, मुलग्यांना नाही. ते मुलगे मोठे झाले, नोकरीला लागले, लग्नं झाली. 2012-13 मध्ये तिथे रुबेलाची साथ आली, 16 हजारांहून जास्त रुग्ण झाले आणि त्यात मोठा भरणा वीस ते पन्नास वयाच्या पुरुषांचा होता. कचेरीतून विषाणू घरी आला. त्या साथीतून 45 बाळं जन्मजात रुबेला घेऊन आली. मुलींमधल्या ज्या थोड्या जणी लसीविना राहिल्या होत्या किंवा ज्यांच्यात लस रुजली नव्हती, त्यांच्यापर्यंत रुबेला पुरुषांनी नेला.

ग्रीसची गोष्ट याहून गंभीर आहे. तिथे सत्तरच्या दशकात लस आली, पण निम्म्याहून कमी मुलांना मिळत राहिली. वरवर पाहता, निम्म्यांना मिळाली म्हणजे निम्मा फायदा तरी झाला असेल. तसं झालं नाही. लस येण्याआधी बहुतेक मुलींना लहानपणीच रुबेला होऊन जायचा आणि त्या आयुष्यभरासाठी सुरक्षित व्हायच्या. अर्धवट लसीकरणाने विषाणूचं फिरणं मंदावलं, थांबलं नाही. त्यामुळे लस न मिळालेल्या मुली लहानपणी त्याच्या तावडीतून सुटून तशाच मोठ्या झाल्या आणि नेमक्या मूल होण्याच्या वयात त्याला सापडल्या. 1993 च्या साथीनंतर तिथे 25 बाळं बाधित झाली, ग्रीससारख्या छोट्या देशासाठी ही संख्या मोठी होती.

म्हणून जागतिक आरोग्य संघटना 2024 पर्यंत देशांना सांगत होती की ही लस सुरू करायची तर किमान 80 टक्के मुलांपर्यंत ती पोहोचवायची तयारी ठेवा. भारताने नियमित लसीकरणात रुबेला घालण्याआधी 15 वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना एकदम लस का दिली, याचं उत्तर यात आहे. नुसती तान्ह्या बाळांपासून सुरुवात केली असती, तर मधल्या वयाच्या मुली ग्रीसच्याच वाटेने गेल्या असत्या.

पूर्ण ताकदीने केलं तर रुबेला हटतो. माणसांखेरीज तो दुसऱ्या कुठल्या प्राण्यात राहत नाही, त्यामुळे माणसांतली साखळी तुटली की त्याला आसरा उरत नाही. उत्तर आणि दक्षिण अमेरिका मिळून सगळा टापू 2015 मध्ये स्थानिक रुबेलापासून मुक्त जाहीर झाला. आपल्या शेजारच्या श्रीलंका आणि मालदीवने 2020 मध्ये ते साधलं.

आपल्याकडे 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीच्या बाजूला, भिवंडीत आणि मालेगावात गोवराचा उद्रेक झाला. कोविडच्या काळात लसी चुकल्या होत्या, त्याचा तो परिणाम. ज्या मुलांना ती कुपी मिळाली नव्हती, त्यांना रुबेलाचीही लस मिळालेली नव्हती. गोवर बोभाटा करून येतो म्हणून सगळे धावले. रुबेला बोभाटा करत नाही.

पंचविशी-तिशीतल्या मुलींसाठी

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे मोठी फट राहिली आहे. गोव्यात आणि कर्नाटकात मोहीम फेब्रुवारी 2017 मध्ये झाली, महाराष्ट्रात 27 नोव्हेंबर 2018 पासून. तेव्हा 15 वर्षांच्या आतल्यांना लस मिळाली. म्हणजे महाराष्ट्रात 2003 च्या आधी जन्मलेल्या मुली त्या मोहिमेच्या बाहेर राहिल्या. त्यांच्या लहानपणी सरकारी लसीकरणात फक्त गोवराची लस होती. आईने ‘हिची सगळी इंजेक्शनं झाली आहेत’ असं सांगितलं, तरी त्यात रुबेला असेलच असं नाही. खासगी डॉक्टरांकडे एमएमआर घेतली असेल तर गोष्ट वेगळी. आज लग्न करणाऱ्या, बाळाचा विचार करणाऱ्या मुली बऱ्याचशा याच वयाच्या आहेत.

यांतल्या बहुतेकींना लहानपणी नकळत रुबेला होऊन गेलेला असतो आणि त्या सुरक्षित असतात. पण आपण त्यांच्यात आहोत की उरलेल्यांत, हे आठवणीवरून कळत नाही. म्हणून बाळाचा विचार सुरू करण्याआधी एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन लसीचा विषय काढा. लेखी नोंद नसेल तर रक्तातली ‘आयजीजी’ (जुन्या प्रतिकारशक्तीची खूण) तपासणी करता येते, किंवा तपासणी न करता सरळ लस घेता येते. आधीच प्रतिकारशक्ती असेल तर जादा डोसाने नुकसान होत नाही. लस घेतल्यानंतर एक महिना दिवस राहू देऊ नयेत. नवऱ्यानेही घेतली तर उत्तम. नर्सिंगला, वैद्यकीय शाखेला असलेल्या आणि दवाखान्यात काम करणाऱ्या सगळ्यांनी तर घ्यावीच. कायम वास्तव्यासाठी अमेरिकेला जाणाऱ्यांना व्हिसाच्या तपासणीत एमएमआरचा पुरावा द्यावाच लागतो. तसा कागद इथे राहणाऱ्या मुलींकडेही असायला हवा.

गरोदरपणात मात्र ही लस देत नाहीत, कारण ती जिवंत विषाणूची आहे. दिवस गेल्याचं माहीत नसताना चुकून घेतली गेली, तर? घाबरू नका. अशा हजारो स्त्रियांची नोंद ठेवली गेली आहे आणि लसीमुळे जन्मजात रुबेला झालेलं एकही बाळ त्यांत आढळलेलं नाही. त्या कारणासाठी गर्भ पाडण्याची गरज नसते. घरात कुणी गरोदर असेल तर मोठ्या मुलाची लस लांबवण्याचंही कारण नाही. लस घेतलेल्या मुलापासून दुसऱ्याला लागण होत नाही, उलट त्या मुलाची लस हे पोटातल्या बाळाचं संरक्षण आहे.

गरोदर असताना पुरळ उठलं, किंवा पुरळवाल्या माणसाजवळ वावर झाला, तर आधी डॉक्टरांना फोन करा. एकदम दवाखान्यात जाऊन इतर गरोदर बायकांच्या शेजारी बसू नका. मग रक्त तपासतात. संपर्क आल्यावर लगेच ‘आयजीजी’ आढळली, तर ती जुनी प्रतिकारशक्ती असते आणि काळजी मिटते. ‘आयजीएम’ आढळली तर ती ताजी लागण असू शकते, पण खोटा होकार येण्याचं प्रमाणही कमी नाही. त्या एका कागदावरून कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका. दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना, लागण जुनी की ताजी ते सांगणारी ‘ॲव्हिडिटी’ नावाची तपासणी आणि गर्भतज्ज्ञांचा सल्ला, एवढं झाल्याशिवाय नाही. काही ठिकाणी वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईला सरसकट ‘टॉर्च’ (गर्भाला इजा करू शकणाऱ्या रुबेलासारख्या काही संसर्गांच्या) तपासण्या सांगतात आणि रुबेलाचा रकाना पाहून ती घाबरून जाते. रुबेला एकदा होऊन गेला की प्रतिकारशक्ती टिकते, त्यामुळे वारंवार होणाऱ्या गर्भपातांचं कारण तो नसतो. ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ ही तर चांगली बातमी आहे.

आणि तपासणीत प्रतिकारशक्ती नाही असं निघालं, तर तपासणी वाया गेली असं समजू नका. उरलेले महिने ताप-पुरळवाल्यांपासून जपा, घरातल्या मुलांच्या लसी पूर्ण करून घ्या, आणि बाळंतपण झाल्यावर दवाखान्यातून घरी जाण्याआधीच लस मागून घ्या. अंगावर पाजत असलात तरी ती चालते. पुढच्या खेपेला हा प्रश्न येणार नाही.